आपट्याच्या मुलीचं कार्ड

बाबा, तुमची ती आपटा गावची पेशंट, दम्याची मुलगी, बॉक्सर झाली. तुम्ही गेलात तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची असेल आणि नदीच्या कडेने नुसती पळत असायची. आता सव्वीसची आहे. नाक एकदा मोडलंय, डाव्या भुवईवर टाक्यांची खूण आहे, आणि दवाखान्यात आली की बाकावरच्या बायका तिच्यापासून जरा सरकूनच बसतात. करंजाडेला एका इमारतीच्या तळघरात तिचा सराव चालायचा. हौशी स्पर्धा मागे टाकून ती प्रोफेशनल झाली, आणि तिची विजेतेपदाच्या पट्ट्याची फाइट ठरली, परदेशात, दहा राउंडांची. ती फार चांगली खेळते असं तिचे कोच सांगतात. मला विचाराल तर मला तो खेळ बघवत नाही. तरी तिच्याबद्दल तुम्हाला लिहायला बसले आहे, कारण दुसऱ्या कुणाला हे सांगायची माझी हिंमत नाही.

तुमच्या पुड्या आठवतात. रविवारी दुपारी जेवणं झाली की आई स्वयंपाकघरातली फरशी पुसून कोरडी करायची आणि आपण तिघं मांडी घालून आठवड्याच्या पुड्या बांधायला बसायचो. कागदाचे चौकोन कापायचं काम आईचं, गोळ्या मोजायचं तुमचं, घडी घालायचं माझं. तांबडी, पिवळी, मोठी पांढरी, बारकी पांढरी. पेशंटला नाव कधी कळायचं नाही आणि कुणी विचारायचंही नाही. "बारकी अर्धीच टाक," तुम्ही म्हणायचात, आणि मी ब्लेडने तिचे जपून दोन तुकडे करायचे. मला केवढा अभिमान होता त्या कामाचा! पनवेलात तुमच्या हातगुणाचं नाव होतं, उरणकडची माणसंसुद्धा दोन गाड्या बदलून यायची, आणि मला वाटायचं की तो गुण थोडा माझ्याही बोटांना लागला असणार. शाळेत मी तसं सांगितलंही होतं.

मग तो दिवस. मी नुकतीच एमबीबीएस होऊन तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसायला लागले आहे, गळ्यात नवा कोरा स्टेथोस्कोप आहे आणि त्याची मिजासही आहे. आपट्याची बाई सात वर्षांची मुलगी खांद्यावर टाकून येते. मुलीच्या बरगड्या प्रत्येक श्वासाला आत ओढल्या जातायत. तुम्ही इंजेक्शन देता, आणि तासाभराने मुलगी बाकावर उठून बसते आणि बिस्किट मागते. मी पंप लिहून द्यायला घेते तशी बाई दचकते. "पंप नको वो डॉक्टर. पंपाची सवय लागते, मंग सुटत नाय. पोरीची जात हाय, उद्या कोन करून घेल तिला?" तुम्ही मान डोलावता. बारकी पांढरी, अर्धी, पंधरा दिवसांच्या पुड्या. बाई गेल्यावर मी विचारलं, "बाबा, हे स्टिरॉइड आहे. किती दिवस देणार?" तुम्ही हात धूत होतात. मागे न वळताच म्हणालात, "तुझ्या पुस्तकात आपटा नाही. एसटी चुकली तर ती पोर वाटेत मरेल. आधी श्वास, मग तुझं पुस्तक." कंपाउंडर हसला. माझे कान तापले आणि मी पुन्हा कधी विचारलं नाही. किती दिवस, ह्याचं उत्तर मला ह्या वर्षी मिळालं. सहा वर्षं.

मुलगी सुधारली, हे मी नाकारत नाही. तुम्ही तिला फुगे आणून दिलेत, रोज दहा फुगव म्हणालात. मग म्हणालात, आता पळ. ती पळायला लागली ती थांबलीच नाही. शाळेच्या धावण्यातून कबड्डीत गेली, कबड्डीतून बॉक्सिंगमध्ये. तुमच्या गोळीशिवाय ती घराच्या ओटीवरूनही उतरली नसती. तुम्ही गेल्यावर तिच्या आईने शेवटच्या पुडीतली उरलेली गोळी पदरात बांधून औषधाच्या दुकानात नेली आणि तसल्याच मागून घेतल्या. धाप लागली की गोळी, बरं वाटलं की बंद, लग्नाकार्याला जायचं असलं की आधीच दोन. मोठ्या डॉक्टरांची गोळी म्हटल्यावर दुकानदारानेही कागद मागितला नाही. असं वर्षानुवर्षं चाललं. पट्ट्याच्या फाइटला अंगातल्या औषधांची तपासणी असते, म्हणून ती ठरल्यावर कोचने सांगितलं, घरातल्या सगळ्या गोळ्या बंद. तिने निमूट बंद केल्या आणि तिसऱ्या आठवड्यात सराव करता करता उलट्या होऊन कोसळली. हॉस्पिटलातल्या हॉर्मोनच्या डॉक्टरांनी तपासलं. शरीर स्वतःपुरतं स्टिरॉइड रोज बनवत असतं. तिला ते इतकी वर्षं बाहेरून मिळालं की ते बनवणाऱ्या ग्रंथी आपलं काम विसरून गेल्या. आता तिला ते रोज गोळीतूनच घ्यायला हवं. नाही घेतलं आणि अंगावर ताण आला, तर रक्तदाब कोसळून माणूस जातो.

त्यांच्या खेळात बंदी असलेल्या औषधांची यादी असते आणि ही गोळी त्या यादीत आहे. फाइटच्या दिवशी ती अंगात सापडली तर खेळाडू चोर ठरतो. पण जो खरंच आजारी आहे त्याला सूट मागता येते. उपचार करणाऱ्या डॉक्टरने अर्ज भरायचा, तपासण्या जोडायच्या, आणि डॉक्टरांची एक समिती तो वाचते. आजार खरा आहे का, दुसरं औषध चालेल का, ह्या औषधाने वाजवीपेक्षा जास्त ताकद तर येत नाही ना. शेवटी एक अट असते, की ही गरज आधी चोरून घेतलेल्या औषधांमुळे उद्भवलेली नसावी. मला वाचताना वाटलं, चांगले लोक आहेत, नीट विचार केलाय. पंपाला तर त्यांच्याकडे ठरावीक मात्रेत मुभाच आहे, बाबा. जो पंप तिच्या आईला नको होता आणि तुम्ही ज्याच्यासाठी वाद घातला नाहीत, तो घेऊन ती कुठेही खेळली असती. अर्ज मी भरला. सगळ्या पानांवर सह्या केल्या आणि मनात म्हटलं, हे तरी आपण नीट करू.

समितीचं उत्तर सभ्य भाषेत होतं. हे स्टिरॉइड कुणी दिलं, कधीपासून, कशासाठी? लहानपणच्या उपचारांच्या नोंदी पाठवा. नाहीतर ते खेळासाठीच घेतलं नव्हतं, असं आम्ही कशावरून धरायचं? हॉर्मोनचे डॉक्टर मला फोनवर म्हणाले, "मॅडम, लहानपणचा एक कागद मिळवा, काम होऊन जाईल." तुम्ही कार्डं आडनावांप्रमाणे न लावता गावांप्रमाणे लावायचात. माळ्यावरच्या पेटीत आपट्याचा गठ्ठा सुतळीने बांधलेला सापडला आणि दहा मिनिटांत कार्ड माझ्या हातात होतं. वर नाव, वय सात, वजन, दमा. खाली औषधाचं पूर्ण नाव आणि मात्रा, तुमच्या त्या मास्तरासारख्या सरळ अक्षरात. त्याच्या खाली तारीख आणि रिपीट. तारीख आणि रिपीट. दोन्ही बाजू भरल्या तशी जोडकार्डं टाचलेली. मात्रा कमी करत आणल्याची खूण कुठेच नाही. मध्ये एका ओळीत तुम्ही लिहिलंय, "गाल भरले. तब्येत सुधारली." बाबा, ती त्या गोळीची सूज होती. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालासुद्धा ते ओळखता येतं. मी तिथे माळ्यावर धुळीत बसून रडले, तुमच्यासाठी की तिच्यासाठी ते तेव्हाही कळलं नाही.

त्या कार्डात तिचं निर्दोषपण होतं आणि तुमची चूक होती, एकाच शाईत. एक पाठवून दुसरं ठेवून घेता आलं असतं तर मी सोयीने फाडलं असतं. मी समितीला लिहिलं, जुन्या नोंदी पुराच्या पाण्यात नष्ट झाल्या. पाणी खरंच एकदा दवाखान्यात आलं होतं, कपाटाची खालची फळी कुजली होती, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. लिहिताना मी स्वतःला बजावत होते की मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही, मुलीने त्याची अब्रू राखायला हवी. दवाखान्याच्या पाटीवर अजून वर तुमचं नाव आहे आणि खाली माझं. लोक अजून म्हणतात, मोठ्या डॉक्टरांची मुलगी, हात तोच. हे कार्ड बाहेर गेलं असतं तर उद्या आणखी कोण कोण आपापल्या पुड्या आठवून दारात आलं असतं, ह्याचा हिशेब मी दुसऱ्याच मिनिटाला केला होता. अब्रू कुणाची राखत होते ते मला कळत होतं.

अर्ज नामंजूर झाला. फाइट दुसरीला मिळाली. माय-लेकी कागद घेऊन माझ्यासमोर बसल्या, आई आता थकली आहे, पण बोलणं तसंच. "मोठे डॉक्टर असते तर लिहून दिलं असतं बघा. तुमी तरी काय करनार, डॉक्टरबाई? कागद नाय तर नाय." मुलगी खाली बघत होती. मग आईला बाहेर बसायला सांगून तिने मला विचारलं, "मॅडम, गोळी किती दिवस आधी बंद केली तर लघवीत येनार नाय?" मी म्हटलं, "वेडी आहेस का? गोळी बंद करून उतरलीस तर रिंगमध्येच जाशील." ती हसली. "म्हंजे घेतली तर मी चोर, आनि नाय घेतली तर मेली. मग मी केलं काय मॅडम? मी तर सात वर्षांची होते." माझ्याकडे त्याचं उत्तर होतं, दोन फुटांवर, टेबलाच्या खणात ठेवलेलं ते कार्ड. मी तिचा रक्तदाब मोजला. चांगला आहे म्हटलं.

अपिलाला महिनाभराची मुदत होती. त्या महिन्यात कोच दोनदा येऊन गेले, एखादा चिटोरा तरी सापडतो का बघा म्हणाले, आणि मी दोन्ही वेळा माळ्याकडे बघून मान हलवली. मी रोज ठरवायचे, उद्या. तिच्या आईचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. कारण ते खरं होतं, बाबा. तुम्ही लिहून दिलं असतंत. तुम्ही हट्टी होतात, निष्काळजी होतात, मला सगळ्यांदेखत गप्प केलंत, पण कुणी समोर येऊन विचारलं असतं तर "हो, मीच दिलं" म्हणून खाली सही ठोकली असतीत आणि पुढच्या पेशंटला हाक मारली असतीत. त्या शाळामास्तरांना चुकीचं इंजेक्शन दिलंत तेव्हा तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगून आला होतात, आई जेवायची थांबली होती आणि तुम्ही परत येऊन दोन भाकऱ्या खाल्ल्यात. मी तुमची चूक झाकली आणि तुमच्यातलं जे बरं होतं ते घालवलं. तुम्ही असतात तर ह्यावेळी तुमच्यासमोर मला मान वर करता आली नसती.

आता ती आमच्याच भागातल्या एका जिममध्ये बायकांना व्यायाम शिकवते. दहा राउंडांसाठी तयार केलेलं शरीर, आणि दिवसभर टाळ्या वाजवत एक-दोन-तीन-चार मोजत असते. मुदत संपल्यावर दोन दिवसांनी ती गोळ्यांची चिठ्ठी न्यायला आली होती. जाताना वाकून पाया पडली. "तुमी लई केलंत माझ्यासाठी," म्हणाली. मी "असू दे गं" म्हटलं. ते तोंडातून इतकं सहज निघालं की मला माझीच भीती वाटली. चिठ्ठीवर मी औषधाचं नाव लिहिलं, मात्रा लिहिली आणि खाली लिहिलं, रिपीट.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणूनच इतकं खरं लिहिता आलं. एक राहिलंच. मुदतीचा शेवटचा दिवस होता ना, त्या दिवशी दुपारी बाराला रोजचा कुरिअरवाला दाराशी येऊन गेला, मी त्याला आज काही नाही म्हणून सांगितलं, आमटीभात खाल्ला आणि आडवी झाले. महिनाभरात पहिल्यांदाच मला गाढ झोप लागली, पार दिवे लागेपर्यंत.