आवाजाचा रकाना

प्रिय निशा,

जयभीम. एकाच गावात राहून ताईने बहिणीला पत्र लिहावं, म्हणजे तू आधी हसणार. हस. सकाळपासून चार कागद फाडलेत, चहा दोनदा गार झाला आणि तिसऱ्यांदा ठेवला तो उतू गेला. नारपोलीला तुझ्या घरी येऊन तोंडावर सांगावं, तर भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमची खडखड. तिथं आपलं बोलणं म्हणजे ओठ आणि हात. ही गोष्ट हातवारे करून सांगण्यासारखी नाही.

माझी नोकरी तुला कायम गमतीची वाटते. लोकांची बाळं हसवायची आणि पगार घ्यायचा! पण आमच्या संस्थेतली संशोधक मंडळी हे हसू फार गंभीरपणे घेतात. बाळ ओढणीआडच्या 'कुकूक'ला हसलं, तर लपलेलं माणूस परत येतं हे त्याला उमगलंय. वाटी टोपीसारखी डोक्यावर घातल्यावर हसलं, तर वाटी कशासाठी असते हे त्याला ठाऊक आहे. ते ठाऊक असल्याशिवाय चुकीची गंमत कशी वाटणार? शेवटी आवाजाचा खेळ. बाळ आईच्या मांडीवर, आणि मी पाठीमागून बकरीसारखी ओरडणार. निजामपुऱ्यात एका घरी मला खऱ्या बकरीने उत्तर दिलं होतं, ते तुला सांगितलंच आहे.

तुझी क्षितिजा आठव्या महिन्यात कुकूकला हसली आणि दहाव्या महिन्यात वाटीच्या टोपीला अशी खिदळली, की माझ्या यादीतल्या सगळ्या बाळांत तीच पहिली. मावशीची छाती फुगली. आवाजाच्या खेळाला मात्र दोन्ही वेळा ती नुसती वाटी चाटत बसली. मी तक्त्यातल्या आवाजाच्या रकान्यात लिहिलं, 'लूमचा गोंगाट, नोंद बाद'. तुझ्या सासूबाईंनी तर कौतुकच केलं, "लूमवाल्याची पोर हाय, खडखडीला न्हाय घाबरत!" मीही हसले. तुमच्या घरात हाक कोणी मारतच नाही गं. तुझ्या नागसेनरावांना चहा हवा असला की ते दोन बोटं ओठांना लावतात. क्षितिजाला बोलवायला तू समोर येऊन भुवया उडवतेस, आणि ती रांगत येते. तुम्हाला कसं कळणार? मला कळायला हवं होतं, मला त्याचाच पगार मिळतो.

परवा शुक्रवारी लूम बंद, म्हणून मी जेवायला आले. तू आत बोंबील तळत होतीस. क्षितिजा माझ्याकडे पाठ करून खेळत होती. सवयीने मी मागून बकरी झाले. काही नाही. हाक मारली. काही नाही. मग पातेल्याचं झाकण हातात धरून पळीने बडवलं. तू आतून ओरडलीस, "ताई, काय बडवतेयस गं?" तिने मान वळवली नाही. मी पुढे जाऊन बसले तेव्हा मला रडू आवरत नव्हतं. माझं वेडंवाकडं तोंड पाहून ती खदखदून हसली. मावशीने नवा खेळ काढलाय असं तिला वाटलं. तू डोळ्यांबद्दल विचारलंस, तेव्हा मी तळणाच्या धुरावर ढकललं. खोटं बोलले.

निशा, मी डॉक्टर नाही. पण मला वाटतं, क्षितिजाला ऐकू येत नाही. माझं चुकीचं निघालं तर भर चौकात माझी टिंगल कर, मला आवडेल. पण खरं असेल, तर माझ्या त्या एका शेऱ्यापायी तिचे आठव्या महिन्यापासूनचे तीन महिने गेले. मला माफ करायचं की नाही ते नंतर ठरव. लवकर कळलं तर कानाचं मशीन आहे, शिकवणारी माणसं आहेत. पोर हुशार आहे, हे मात्र मी छातीठोकपणे सांगते. तिचं ते हसू मी माझ्या हाताने लिहून घेतलंय.

मंगळवारी सकाळी ठाण्याला तिच्या कानांच्या तपासणीचा नंबर लावलाय, त्यासाठी हे पत्र. पोस्टात टाकणार नाही, स्वतः आणून तुझ्या हातात देईन आणि तू वाचशील तोवर दारात उभी राहीन. लूम चालू असतील, बोलायचा प्रयत्न करू नकोस. येणार असशील तर माझ्याकडे बघून नुसती मान हलव.

तुझीच, आणि आता क्षितिजाची आधी,
संघरत्नाताई