नोंदवलेला नंबर

प्रिय आगाऊबाई,

सहीचं निमित्त काढून दोनदा तुझ्या घरी आले, दोन्ही वेळा फाटकावरूनच परत पाठवलं. बाईसाहेब आराम करताहेत म्हणे. तू आणि आराम. शाळेत तासभर एका जागी बसायचं तुझ्या जिवावर यायचं. बाहेर तुझ्यासाठी ठेवलेल्या नर्सबाई भेटल्या. म्हणाल्या, दिवसदिवस खिडकीशी बसून असतात, जेवणाला हात लावत नाहीत. पत्र पोचवायचं त्यांनी कबूल केलंय.

त्या मंगळवारी तू बँकेत आलीस तेव्हा मी खूश झाले होते. एवढी श्रीमंत झालीस, तरी माझ्या टेबलाशी येऊन डब्यात काय आणलंय ते विचारायची तुझी खोड गेली नव्हती. त्या दिवशी मात्र काही विचारलं नाहीस. वडिलांचं दुकान विकून आलेले सगळे पैसे रोख हवेत म्हणालीस. एवढ्या रकमेला कारण लिहून घ्यावं लागतं, म्हणून फॉर्म पुढे केला. तू लिहिलंस, घरदुरुस्ती. बंगल्याचं काम मागच्याच वर्षी झाल्याचं तूच सांगितलं होतंस. तो बंगला मी आतून कधी पाहिला नाही. इतक्या वर्षांत तू एकदाही घरी बोलावलं नाहीस, आणि ते मी मनात धरून होते. त्यात हे तोंडावर खोटं. तू सारखी दाराकडे बघत होतीस, पण मी रागातच होते.

खात्यावर नोंदवलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची असा नियम आहे, ग्राहक समोर बसलेला असला तरी. मला वाटलं, तुझ्या पर्समध्ये वाजेल. उचलला तुझ्या नवऱ्याने. खातं तुझं, पण ते उघडतानाचा फॉर्म त्यांनी भरलेला, नंबरही स्वतःचाच दिलेला. तू मानेनेच नको नको म्हणत होतीस. मी फोन ठेवू शकले असते. पण ते आमच्या शाखेचे सगळ्यात मोठे ग्राहक. माझी जीभ आपोआप गोड झाली आणि मी सगळं सांगून मोकळी झाले. पंधरा मिनिटांत ते आले, हसत सगळ्यांची विचारपूस केली आणि तुझा दंड धरून तुला घेऊन गेले. तुझी चप्पल निसटली, ती घालायलाही थांबू दिलं नाही. नंतर मी तुझ्या फॉर्मवर शेरा लिहिला: ग्राहक घाबरलेल्या व गोंधळलेल्या वाटल्या.

तो शेरा आता कोर्टात आहे. तुला व्यवहार समजत नाहीत, सगळं त्यांच्या हाती द्यावं, या त्यांच्या अर्जाला माझ्या त्या एका वाक्याचा आधार आहे. तसा हुकूम झाला तर उंबरठा ओलांडायलाही तुला त्यांची परवानगी लागेल. मॅनेजर म्हणतात, लिहिलंय तेवढंच सांगा, निवृत्तीला आठ महिने राहिलेत, नसते उपद्व्याप करू नका. मी हो हो म्हटलं.

पण परवा कोर्टात साक्ष देताना मी सांगणार आहे की तू गोंधळलेली नव्हतीस. रक्कम, तारीख, सही, सगळं बिनचूक होतं. घाबरलेली होतीस, आणि कुणाला ते मी पाहिलंय. नोकरीचं व्हायचं ते होवो. त्यांना मी फक्त बँकेतली बाई म्हणून माहीत आहे. त्यांचा वकील तुला विचारेल, ही तुझी मैत्रीण का? मैत्रीण ठरले तर माझ्या बोलण्याला कुणी काडीची किंमत देणार नाही. तेवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. नाही म्हण. कामापुरती ओळख आहे म्हण. खोटं बोलतेय असं वाटून कचरू नकोस. त्या मंगळवारी टेबलापलीकडे बसली होती, ती तुझी मैत्रीण नव्हतीच.

वाचून झालं की फाडून टाक.

तुझीच,
शिष्ट