घराचा तिसरा हिस्सा आणि तल्हाची निवडणूक

मी, अहमद हुसैन तांडेल, वय एकसष्ट, मूळ राहणार मौजे खारबंदर, तालुका राजापूर, सध्या मुक्काम फरवानिया, कुवेत, धंदा इथल्या राई भागात तंबू शिवणे व उभारणे, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही धाकाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. सोमवारी हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर धीर देतात, पण ज्या आवाजात देतात तो मला आवडलेला नाही. धाक नाही असे लिहिले खरे. पोटच्या पोराच्या काळजीला कायदा धाक मानतो की नाही, मला ठाऊक नाही.

माझे वारस तीन: पत्नी फरहत, मुलगा तल्हा, मुलगी जवेरिया. जवेरिया इथेच बनेद अल-गारला राहते आणि क्लिनिकात रक्त तपासते. या मृत्युपत्राप्रमाणे सगळे करून घेण्याचे काम मी तिच्यावर सोपवतो, कारण ती रडत रडतही हातातले काम पुरे करते.

कलम १. माझ्या जाड सुया, दोर वळायचा चिमटा आणि मोठा हातोडा आलोकला द्यावा. तो वर्कशॉपमध्ये माझ्यासोबत आहे. काम मात्र आता फारसे नाही. यंदा मे महिन्यात इथली मजलिस, म्हणजे संसद, बरखास्त झाली, आणि निवडणुकीचे तंबू गेले ते गेलेच. तंबू म्हणजे साधे कापड नव्हे. आत गालिचे, कूलर, झुंबरे, येईल त्याला मचबूसचे, म्हणजे मटण-भाताचे, ताट. सगळे उमेदवाराच्या पदरचे. एकदा एक उमेदवार हरला, त्या संध्याकाळी आम्ही खुंट्या उपटायला गेलो, तर तो एकटाच आत बसलेला. शेकडो माणसांचा भात तसाच पडला होता. त्याने आम्हाला शेजारी बसवून जेवू घातले आणि स्वतः घास घेतला नाही. त्या माणसाचा चेहरा मी विसरू शकत नाही, कारण हल्ली व्हिडिओ कॉलवर तोच चेहरा मला तल्हाचा दिसतो.

कलम २. खारबंदरचे घर, विहीर आणि पुढचे अंगण माझ्या एकट्याच्या नावावर आहे. याशिवाय माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही. फरहतने माझ्याविना त्या घरात जन्म काढला. चिरा कुठला लावायचा इथपासून कौले कधी फिरवायची इथपर्यंत सगळे तिने ठरवले. मी सुट्टीवर जाई तेव्हा पाहुण्यासारखा विचारी, टॉवेल कुठे आहे. ते घर तिचे आहे. कागद काहीही म्हणोत.

कलम ३. आता तल्हाबद्दल. माझा मुलगा वाईट नाही, हे मी आधी लिहितो, म्हणजे पुढचे वाचून कोणी तसा अर्थ काढू नये. जेटीसाठी तो कलेक्टर कचेरीत इतके खेटे घालत राहिला की शिपाई त्याला चहा देऊ लागला. रात्री-अपरात्री बाळंतिणींना तालुक्याला नेणारा तोच. गेल्या विधानसभेला अपक्ष उभा राहिला, आईचे दागिने आणि माझी शिल्लक त्यात गेली, आणि पडला. यंदा दोन पक्षांकडे तिकीट मागायला गेला. दोन्हीकडे त्याला एकच प्रश्न विचारला गेला, की तुम्ही स्वतः किती घालणार. काम काय केलेत, हे कोणी विचारले नाही. म्हणून पुन्हा अपक्ष. मंगळवारपासून अर्ज भरायचे आहेत.

चार दिवसांपूर्वी मुबीनचा फोन आला. मुबीन आमच्या गावच्या जमातीचा सदर, म्हणजे अध्यक्ष, आणि माझा बालमित्र. त्याने सांगितले की खाडीतला वाळूवाला तल्हाच्या प्रचाराला पैसे द्यायला तयार आहे, आणि बदल्यात तल्हाने माझ्या मागे येणारा घरातला आपला हिस्सा त्याला तोंडी कबूल केला आहे. माझी शस्त्रक्रिया कधी आहे, हे वाळूवाल्याला तारखेनिशी माहीत आहे. मी तल्हाला फोन केला. तो खोटे बोलला नाही.

"अब्बा, घर आज ना उद्या माझ्याकडंच येनार हाय," तो म्हणाला. "मी चोरी केली काय?"

चोरी नाही, बाळा. पण तुझी निवडणूक माझ्या मयतावर उभी आहे. शरियतीप्रमाणे सर्वांत मोठा वाटा तुझा. तो वाळूवाल्याच्या हातात गेला की तुझ्या आईला एका खोलीत ढकलायला त्याला किती वेळ लागेल?

कलम ४. शरियत मला फक्त एक तृतीयांश मालमत्तेवर मृत्युपत्र करू देते, आणि तेही वारसाला नाही. म्हणजे फरहतला मी एक वीटसुद्धा जास्त देऊ शकत नाही. दोन दिवस मी यावर डोके आपटले. शेवटी असे ठरवले की घराचा अविभक्त तिसरा हिस्सा खारबंदरच्या मशिदीला वक्फ म्हणून द्यावा. अल्लाहच्या नावाचा हिस्सा विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, आणि तो ज्या घरात मिसळलेला आहे त्या घरावर कोणी सावकार पैसा लावत नाही. उरलेले तिघांत शरियतीप्रमाणे वाटावे. अट एकच: त्या अंगणात कोणत्याही पक्षाच्या, कोणत्याही जातीधर्माच्या उमेदवाराला फुकट सभा घेऊ द्यावी. मंडप नको, जेवण नको. विहिरीचे पाणी द्यावे.

कलम ५. हे कलम कोर्टात टिकणार नाही, असे या कागदाचा साक्षीदार उदय म्हणतो. तरी लिहितो. आमदारकीच्या उमेदवारांचा प्रचार सरकारी तिजोरीतून व्हावा. पत्रके, गाडी, माईक, सगळ्यांना सारखे. उदयने विचारले, पुढाऱ्यांच्या पोस्टरचा भुर्दंड लोकांनी का सोसायचा? मी म्हणालो, आज कोण सोसतो? वाळूवाला आज पोराचा खर्च करील आणि उद्या खाडी उपसून वसूल करील. खाडी लोकांचीच आहे. खर्च आजही लोकच करतात, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. असा कायदा कधी झाला तर तल्हाने पुन्हा उभे राहावे आणि फरहतने त्याला दुवा द्यावी. ही माझी इच्छा आहे, आणि मला ठाऊक आहे की ती पुरी होताना मी पाहणार नाही.

कलम ६. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे तसे नाही. वाळूवाल्याने पैसे मोजून टाकले आणि मी गेल्यावर त्याला हा वक्फ कळला, तर तो माझ्या पोराचे हातपाय मोडील. म्हणून याचा फोटो आजच मुबीनला पाठवावा आणि त्याने तो वाळूवाल्याला दाखवावा. तो लगेच हात काढून घेईल. दुसरा पैसा तल्हाकडे नाही.

हे मी तल्हाला काल सांगितले.  तो म्हणाला, "मग मी उभा कसा राहू, अब्बा? तुमीच सांगा."  फोन त्यानेच ठेवला, आणि त्यानंतर मी केलेले कॉल तो घेत नाही. सोमवारपूर्वी घेईल असे वाटत नाही.

गावात त्याला मत देणारी माणसे आहेत. तो उभाच नसेल, म्हणून ती त्याला मत देऊ शकणार नाहीत. माझ्या मुलाला मतदानाआधीच पाडणारा त्याचा बाप आहे, हे मी खालील दोघांसमक्ष कबूल करतो आणि सही करतो.

अहमद हुसैन तांडेल

साक्षीदार:
१. उदय, लॅब टेक्निशियन. कलम ५ वर माझा आक्षेप होता. आता नाही.
२. प्रेमा, परिचारिका. सही करताना त्यांचा हात धरावा लागला, पण सही त्यांचीच आहे.

स्थळ: फरवानिया, कुवेत
दिनांक: १९ ऑक्टोबर २०२४