वाटीखालचा फासा

सोम., ५ फेब्रु.
सकाळी सुलभाचा फोन. नंदूचं स्वरयंत्र काढायचं ठरलंय. म्हणजे डॉक्टरांचं ठरलंय, नंदूचं नाही. गाठीसकट राहीन म्हणतो, आवाजाशिवाय नाही. अर्धं कोपर गाव त्याला लग्नकार्यातला निवेदक म्हणूनच ओळखतं.
"वैजू, तुझं ऐकेल तो," सु. म्हणाली. तिचा नवरा कॉलेजपासून माझा मित्र. माझं एकदाही ऐकलेलं नाही. जाते म्हटलं.
दुपारी पेपरसाठी एका सत्काराची बातमी. सत्कारमूर्ती उशिरा, शाल वेळेवर. छापून येईल त्यात दोघं वेळेवर.

बुध., ७ फेब्रु.
कोपरला गेले. नंदूचा आवाज म्हणजे वाळक्या पानांवरून फिरणारा खराटा. "या शास्त्रीणबाई." संस्कृतात एम.ए. केल्याची शिक्षा अजून चालू.
पाठ करून नेलेली वाक्यं तशीच परत आणली. कारण हा स्टुलावर चढून माळ्यावरून खोका काढत होता. तोच. अंतराळाच्या सिनेमावरचा खेळ, त्याच्या बोटीवरच्या मामाने आणलेला. कोपरे खाकी पट्टीने चिकटवलेले. सिनेमा तेव्हा आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. पुस्तिका वाचून नंदू गोष्ट सांगायचा, सगळे आवाज त्याचेच. आमच्यातला तिसरा अव्या आणि मी यानातली माणसं. आम्ही काय करतो ते सांगायचं, जमलं की नाही ते फासा ठरवणार. पुढे कॅसेट मिळाली तर पडद्यावरचा खलनायक फारच मवाळ निघाला. आमचा मुख्याध्यापकांसारखा बोलायचा.
खोका पुसत म्हणाला, एक बैठक होऊ दे. मग बघू.
सु.ला एवढंच सांगितलं. ती म्हणाली, बघू म्हणाला ना? हेही पहिल्यांदाच.

रवि., ११ फेब्रु.
अव्या ठाण्याहून खारे दाणे घेऊन हजर. पुस्तिकेत माझे पेन्सिलीतले प्रतिशब्द अजून आहेत: परावकाश, किरणास्त्र. अव्या म्हणाला, "हिच्यामुळे शत्रूला मारायच्या आधी समास सोडवायला लागायचा." दहा बाजूंच्या त्या फाशावरचे झिजलेले आकडे माझ्या नेलपॉलिशने भरलेले. तो रंग आता लावायचं धाडस नाही.
खेळायला बसलो आणि दोघंही मवाळ. न ठरवता. नंदूला कमी बोलावं लागावं म्हणून दिसेल तिथे शरण जात होतो. तिसऱ्या शरणागतीला तो थांबला. मग त्याच फाटक्या आवाजात, पण मुख्याध्यापक होऊन:
"समाचाराला आलात, की लढायला?"
अव्या दाणे निवडत बसला. मग मात्र नीट खेळलो.
शेवट नेहमीच्या रिवाजाने. यान शत्रूला चुकवून परावकाशात शिरायचं, सात किंवा वर पडायला हवं. नंदूने फासा वाटीत खुळखुळवला आणि वाटी टेबलावर पालथी घातली. त्याच्या आईची वाटी, काठावर 'सौ. मालती' कोरलेलं. शेवटचा फासा झाकलेलाच ठेवायचा, पुढच्या बैठकीला उघडायचा. म्हणजे कुणी दांडी मारत नाही.
पुढची बैठक कधी, मी विचारलं. नंदू वाटीकडे बघत राहिला. मग सु.कडे न बघता म्हणाला, "घे डॉक्टरांची तारीख."

सोम., १९ फेब्रु.
उद्या ऑपरेशन. भेटीच्या वेळेत गेलो. नंदूने मला जवळ बोलावलं.
"नियम मोडला, शास्त्रीणबाई. तुम्ही गेल्यावर वाटी उचलून पाहिली."
"किती?"
"आल्यावर."
हसायला गेला, खोकला आला. हा आवाज नीट ऐकून ठेवायचा असं घरून ठरवून गेलेले. ऐकला तो बहुतेक खोकलाच.
बाहेर अव्या म्हणाला, मोठाच आकडा असणार, नाहीतर हा दाखल झाला असता का. असेल. पण नंदूला पडेल आकड्याचंच प्रेम. नाही जमलं म्हणून गोष्ट संपत नाही रे, अवघड होते, हे त्याचं जुनं वाक्य.

शुक्र., १ मार्च
ऑपरेशन नीट झालं म्हणतात. नंदू उद्या घरी.
संध्याकाळी सु.चा फोन, रडत. डॉक्टरांनी स्वच्छता सांगितली म्हणून तिने सगळं घर धुऊन काढलं. भांड्यांबरोबर वाटीही. फासा सुपलीत सापडला, केरात.
गेले. वाटी लखलखत होती. सु. म्हणाली, ठेव ना चांगलासा आकडा, त्याला काय कळतंय. त्याने पाहिलाय हे तिला माहीत नाही, आणि मला सांगवेना. अव्याला फोन केला. तो म्हणाला, दहा ठेव.
नाही ठेवला. फासा खुळखुळवला, वाटी पालथी घातली, उचलून पाहिली नाही. शास्त्राधार शोधला: न पाहिलेल्या दोन आकड्यांत फरक सिद्ध कसा करणार? पण एक एकाने पाहिलाय. इथे शास्त्र हात टेकतं.
झोप नाही.

रवि., १० मार्च
नंदूच्या गळ्यावर जाळीचा फडका, मांडीवर मुलाची जुनी पाटी. आत पाऊल टाकलं तर पाटी वर: 'या शास्त्रीणबाई'.
खरं सांगायचं ठरवून गेलेले. सु. दारात हात पुसत उभी, तेच हात पुन्हा पुन्हा. नंदूने वाटीवर टिचकी मारली आणि माझ्याकडे बोट केलं.
उचलली. चार.
यान अडकलं. अव्या छताकडे. नंदू चाराकडे बघत राहिला, मग सु.कडे, मग माझ्याकडे. "नंदू, अरे ऐक," एवढं म्हणेपर्यंत त्याने हात वर केला. पेन्सिल कुरकुरली.
'हाच होता.'
आणि पुस्तिका माझ्याकडे सरकवली. खाली लिहिलं: 'पुढे तू सांग. आवाजासकट.'
मुख्याध्यापक मला कुठून यायचे. घसा खाकरला, काढला आवाज. नंदूने डोळे मिटून ऐकला आणि मान हलवली: नाही. पुन्हा काढला. पुन्हा नाही. अव्या हसला, मग सु.सुद्धा. नंदूचे खांदे हलत होते. हसतोय की खोकतोय, आता ऐकून कळत नाही.
यान अजून अडकलेलंच. उठताना फासा वाटीत टाकला. वाटी सु.ने हातातून घेतली, खुळखुळवली, स्वतः पालथी घातली.
काढलेल्या गाठीचा अहवाल गुरुवारी. बैठक रविवारी.