पेन्सिलीचा तारा

मंगळवार, १४ मार्च

ती. मामांना नमस्कार.

मामीचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलं, तरी ती गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते असं कळलं. तुम्हीच तिला रागवा, माझं ती ऐकत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही मला मध्येच थांबवता आणि मी थांबते.

इकडे नेहमीचंच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. हुद्दा समन्वय अधिकारी, काम खात्याखात्याच्या दारात आकडे मागत फिरायचं. परिवहनवाले म्हणतात आधी ऊर्जेचं बघा, ऊर्जावाले म्हणतात शेतीचं बघा, आणि शेतीवाले जेवायला गेलेले असतात. २०५० पर्यंत राज्याचे हरितगृह वायू पायाभूत वर्षाच्या एक तृतीयांशावर आणायचे हे सगळ्यांना मान्य आहे. फक्त सुरुवात शेजारच्या खात्याने करावी.

शुक्रवारी बैठक आहे. तीत कचरा डेपोवरच्या खत प्रकल्पासाठी तुमचा सत्कार, आणि मानपत्र मी वाचायचं. तुम्ही सदरा इस्त्री करून ठेवलाय असं मामी म्हणाली. सत्कारानंतरचा विषय मात्र तुम्हाला कुणी कळवला नसेल. ऊर्जा सचिव, म्हणजे तुमचे ‘बंब’, कोळशावरचे दोन जुने वीजसंच आणखी दहा वर्षं चालवायची परवानगी मागणार आहेत. कारण काय, तर आपण ठरल्यापेक्षा पुढे आहोत. पुढे आहोत ते तुमच्या कचरा डेपोच्या आकड्यामुळे.

मामा, मानपत्रासाठी जुनी फाइल उघडली, तर तुमच्या हातचं एक पान निघालं. ज्या वर्षाशी सगळी तुलना होते, त्या पायाभूत वर्षी डेपोचा वजनकाटा सात महिने बंद होता. तुम्ही तीन दिवस फाटकावर उन्हात उभे राहून ट्रक मोजलेत, प्रत्येक ट्रक काठोकाठ भरलेला धरलात, त्यावरून कुजणाऱ्या कचऱ्याच्या वायूचा आकडा बसवलात आणि शेजारी पेन्सिलीने ताऱ्याची खूण केलीत. ‘अंदाज. काटा सुरू झाल्यावर बदलणे.’ छापील तक्त्यात ती खूण नाही.

पुढच्या वर्षी काटा सुरू झाला आणि आकडा निम्म्याखाली आला. सगळे म्हणाले, मामांच्या खत प्रकल्पाची करामत. तुम्हालाही तसंच वाटलं, इतके तुम्ही त्यासाठी राबला होतात. पण ट्रक अर्धे रिकामेच यायचे. खरी घट थोडीशीच होती.

इथवर लिहून मी उठले होते. चहा केला, तो निवला. हे मला आत्ता फाइल उघडल्यावर कळलं, असं वरच्या मजकुरावरून वाटतं. तसं नाही.

तो तक्ता संगणकात मी भरला. नोकरीचा माझा दुसरा महिना. तारा टाकला की रकाना लाल व्हायचा, त्याला फक्त अंक चालायचे. तुम्ही डेपोवर गेला होतात आणि तक्ता पाचच्या आत जायला हवा होता. मी तारा गाळला. खाली टीप लिहायची, ती राहिली. वर्षभराने निम्मा आकडा पाहिला तेव्हाच मला घोळ कळला. सांगायला तुमच्या खोलीत आले, तर तुम्ही खुर्चीतून उठून म्हणालात, “बघ पोरी, एका माणसाने मनावर घेतलं तर काय होतं.” तुमचे डोळे भरले होते. मी “हो मामा” म्हटलं.

ते “हो मामा” अकरा वर्षं चाललं. तेवढ्या काळात बंबांनी तुमचा आकडा पुढे करून संचांना दोनदा मुदतवाढ घेतली. दोन्ही कागदांवर समन्वयक म्हणून माझी सही आहे. तिसरी माझ्याच्याने होणार नाही.

आज सकाळी मुख्य सचिवांना टिपण दिलं. आकडा अंदाजी होता, तशी खूण मी गाळली, आकडा बदलावा. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “तुमच्या मामांना माहीत आहे?”

“आज पत्र टाकते, गुरुवारी कळेल,” मी म्हटलं.

नोकरीचं व्हायचं ते होईल. मला भीती तुमची वाटते. आई गेल्यापासून तुम्ही मला पोटच्या पोरीसारखं वाढवलंत, आणि तुमच्या अभिमानाची एवढी एकच गोष्ट मी चारचौघांत हिरावून घेणार आहे. मला क्षमा करा असं लिहायलाही हात धजत नाही.

शुक्रवारी मानपत्राच्या जागी मी ते पेन्सिलीचं पान वाचेन. प्रत सोबत ठेवली आहे. त्यावर सगळं खरं आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं आहे. माझ्या मते सत्कार त्या पानासाठीच व्हायला हवा होता. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पहिल्या रांगेतली एक खुर्ची मी तुमच्यासाठी धरून ठेवते. रिकामी राहिली तरी बंबांना तिथे बसू देणार नाही.

जिने तारा गाळला,
ती तुमची भाची