रहिमानभाईंच्या पत्त्यावर

प्रिय जयराज,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. मीच तेवढी वैतागले आहे. फोन केला असता, पण तुझा नवा नंबर मागायचा कुणाकडे? आईकडेच नाही, हे गावभर झालं असतं.

सोमवारी बचत गटाच्या शेवयांच्या मशीनची नवी जाळी आणायला कुपवाडला निघाले. जुनी तडकली आणि माल शनिवारी द्यायचा होता. साताऱ्याच्या स्टँडवर अचानक लीलाकाकू भेटल्या, दोन वर्षांनी. मी खूश. तर गाडीत बसल्या बसल्या म्हणतात, "जयराजचा फोन आलता गं. डोळ्याचं आपरेशन कसं झालं, इचारत हुता. लय गुणाचं पोर हाय तुजं." मी म्हटलं, हो, मला बोलला तो. कराडला तुझा वर्गमित्र वीरधवल चढला. "काकी, जयाला सांगा, त्यानं धाडलेलं बूट बराबर बसलं." सांगते म्हटलं. एका दिवसात इतकी आपली माणसं भेटावीत आणि प्रत्येकाला तुझी खबर असावी, मला सोडून! सांगलीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

आपल्याकडे पोरगा फौजेचं ट्रेनिंग पुरं करून पहिल्या सुट्टीवर आला की चौकात फ्लेक्स लागतो. मला तेवढा धीर नव्हता. तुझी निवड झाली त्याच दिवशी मी तो लावला, हलगी आणली, गावाला जेवण घातलं. चार महिन्यांनी तू दुखरा गुडघा घेऊन परत आलास, तेव्हा मी तुझ्या पायाकडे बघितलंसुद्धा नाही. आता चौकातून जायचं कसं, म्हणाले. तू दुसऱ्या दिवशी घर सोडून गेलास.

कुपवाडच्या वर्कशॉपात मालक रहिमानभाईंनी जाळी हातात ठेवली. "बगा ताई, एकेक भोक सारकं. आमच्या नव्या कारागिराचा हात हाय. जयराज. तुमच्या साताऱ्याकडचाच की!" मी मान वर केली. कोपऱ्यातलं ड्रिलचं मशीन नुसतंच फिरत होतं. "आवं, आत्ता हितंच हुता," म्हणत ते शोधू लागले. डबा अर्धा खाल्लेला, मागचं दार उघडं. इतक्या झटक्यात पळालास, म्हणजे गुडघा बरा असावा. मी तुझी आई, हे भाईंना सांगितलं नाही. राग मात्र आला होता. तुझ्यावर की माझ्यावर, ते परतीच्या गाडीतही ठरेना.

जाळी उत्तम आहे. शेवया केसासारख्या पडतात, बायका नावाजतात. तरी मी भाईंना फोन करून खोटंच सांगितलं, भोकं मोठी झालीत, पुढच्या बुधवारी परत आणते. तुला त्यापायी बोलणी बसली असतील. पण तिथे यायला दुसरं निमित्तच सुचेना. अकरापर्यंत पोचेन. त्या दिवशी समोर थांब. काय बोलायचं ते अजून जुळवलेलं नाही. माझं चुकलं, एवढं तरी तोंडातून निघेल.

अजूनही तुझीच,
आई