कुठला गुलाबी, बेहिजे आत्या?

सिनोप, एप्रिल संपत आला

माझ्या फार आदरणीय आणि त्याहून लाडक्या बेहिजे आत्या,

सर्वांत आधी तुमचे दोन्ही हात हातात घेऊन त्यांचे मुके घेते आणि कपाळाला लावते. (उजव्या हाताच्या बोटात शिवणयंत्राची सुई गेली होती तिथे जरा जपून.) तुमची तब्येत कशी आहे? तुमचा तुंजायदादा आणि सूनबाई गोंजा वहिनी कशी आहेत? तुमच्या पांढऱ्या समुद्राची (नकाशात त्याला भूमध्य म्हणतात) हवा मानवते का? आमचा काळा समुद्र आहे तिथेच आहे. माझी विचारपूस कराल तर मी अगदी उत्तम आहे, झोप छान लागते, जेवण जातं आणि मला कसलीही काळजी नाही. तुमच्या खिडकीतल्या जिरेनियमला मी रोज पाणी घालते (एका दिवशी चुकून दोनदा घातलं गेलं, त्याबद्दल क्षमा असावी). शिवणयंत्रावर तुम्ही अंथरलेलं कापड मी झटकलं पण उचललं नाही, कारण जाताना तुम्ही म्हणाला होतात की डॉक्टरला एकदा छाती दाखवते, मर्सिनच्या उबेत हिवाळा काढते आणि परत येते. हिवाळा संपला आहे. हे मी फक्त हवामान म्हणून कळवते आहे.

मागच्या महिन्यात फोनवर मी तुम्हाला विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, तर तुम्ही इंग्रजीत म्हणालात, "इन द पिंक, फेराये, इन द पिंक!" आणि हसत हसत फोन गोंजा वहिनीच्या हातात दिलात. वहिनींनी मला मर्सिनमधले टोमॅटोचे भाव सांगितले. त्या तुमच्या तीन शब्दांवरून इथे काय गोंधळ झाला तो तुम्हाला सविस्तर कळवावा म्हणून हे पत्र. दुसरा काही हेतू नाही.

पण त्याआधी तुम्हाला ती खोली आठवते का, ते विचारायचं आहे. शाळेत जायच्या वयात मी कंबरेपासून खाली प्लास्टरमध्ये होते, आणि आई मला सकाळी उचलून तुमच्या शिवणाच्या टेबलाशेजारी ठेवून जायची, जशी लोकं उसवून बेतायला कोट ठेवून जातात. टेकडीवरचा अमेरिकनांचा तळ तेव्हा बंद व्हायला आला होता. तिथल्या शिवणखोलीत सैनिकांची बटणं लावता लावता तुम्ही नुसत्या कानाने इंग्रजी उचललं होतं, आणि ते फुकट जाऊ नये म्हणून माझ्यात ओतायचं ठरवलं होतंत. माझ्या प्लास्टरवर तुम्ही रिळं ओळीने मांडायचात आणि मी पाय हलवला तर ती गडगडायची, म्हणून मी इंग्रजी शिकले ते श्वास रोखून. (अजून इंग्रजी बोलताना मी श्वास रोखते. विद्यार्थी म्हणतात, बाई, खिडकी उघडू का?) निळं रीळ हातात घेऊन तुम्ही म्हणालात की इंग्रज दुःखी झाला की निळा होतो. मी मानेना. माझ्या उशीला दृष्ट लागू नये म्हणून निळा मणी टाचलेला होता, तो काय मला रडवायला? त्यावर तुम्ही दातात टाचणी धरून म्हणालात, "त्यांच्याकडे आभाळ निळं क्वचितच दिसतं गं, दिसलं की गहिवरून येत असेल बिचाऱ्यांना." मत्सराने ते हिरवे होतात, आपण मात्र तडकतो. मार बसला की त्यांचा डोळा काळा, आपला जांभळा. आणि आपण दुसऱ्याचं मन राखायला जे खोटं बोलतो ते गुलाबी, त्यांचं पांढरं. "खोटं तेच," तुम्ही म्हणालात, "त्यांनी धुऊन घेतलंय इतकंच."

मग मी विचारलं, त्यांच्याकडे गुलाबीचं काय करतात? तुम्ही मशीन थांबवलंत. तळावरचा तो जाडा सार्जंट दर सोमवारी सुजलेल्या डोळ्यांनी, डोकं दोन्ही हातांत धरून बटण लावायला यायचा, आणि कसे आहात विचारलं की म्हणायचा, इन द पिंक. "म्हणजे," तुम्ही मला म्हणालात, "दुखतंय, पण सांगायचं नाही." मला ते इतकं पटलं की प्लास्टर कापायच्या दिवशी करवत फिरत असताना डॉक्टरांनी विचारलं, काय बाळ, कसं वाटतंय, तर डोळ्यांतून पाणी वाहत असताना मी इंग्रजीत म्हटलं, इन द पिंक. डॉक्टर हसले. तुम्ही खिडकीकडे तोंड करून बराच वेळ बाहेर बघत होतात. बाहेर फक्त दवाखान्याची भिंत होती.

आता गोंधळ. आपली बेकरीत नोकुलच्या गुंडाळ्या भाजणारी शाझियेताई माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला येते हे तुम्हाला आईने सांगितलं असेल. तिच्या मुलाने इंग्लंडमधली मुलगी केली, आणि व्याही-विहीण पहिल्यांदाच सिनोपला यायचे होते. मुलगा-सून एक दिवस मागाहून पोचणार, म्हणजे पहिली संध्याकाळ शाझियेताईने एकटीने निभावायची. तिच्याबरोबर तिचा भाऊ रिफ्की कप्तानही वर्गाला येतो, तो होडीतून पर्यटकांना फिरवतो आणि त्यांना समुद्राबद्दल ज्या थापा मारतो त्या आता इंग्रजीत मारायच्या आहेत. मी दोघांना रंगांचे वाक्प्रचार शिकवले. फळ्यावर दोन रकाने केले, आपला रंग आणि त्यांचा रंग, आणि निक्षून सांगितलं की एकाचा दुसऱ्यात मिसळू नका. गुलाबीपुढे मी तुमचाच अर्थ लिहिला. विद्यापीठात मला 'इन द पिंक' कोणी विचारलं नाही, आणि तुम्ही सांगितलेलं मी कधी पुस्तकात पडताळून पाहिलं नाही. (मी बाकी सगळं पडताळते. गॅस बंद केला का हे पाहायला गेल्या आठवड्यात अर्ध्या रस्त्यातून परत आले. बंद होता.)

जेवणाला मला दुभाषी म्हणून बोलावलं होतं. व्याह्यांचं नाव क्लाइव्ह, विहीणबाईंचं डोरीन. दोघंही उंच, फिकट आणि फार सौजन्याची. बसल्या बसल्या रिफ्की कप्तानने छाती ठोकून ओळख करून दिली. त्याला आपल्याकडच्यासारखं म्हणायचं होतं की मी काळ्या डोळ्याचा, म्हणजे निडर आहे, वादळाला घाबरत नाही. म्हणाला ते, "आय हॅव अ ब्लॅक आय! माय सिस्टर ऑल्सो!" डोरीनबाईंनी आधी त्याच्या डोळ्याकडे वाकून पाहिलं, मग शाझियेताईच्या, मग शेजारी बसलेल्या ताईच्या नवऱ्याकडे, आणि खुर्ची हळूच त्याच्यापासून लांब सरकवली. मी रकान्यांची आठवण करून देणार, तेवढ्यात शाझियेताईने पाठ केलेलं वाक्य म्हटलं, हाऊ आर यू. क्लाइव्हसाहेबांनी मंतीची पहिली उकडलेली इवलीशी करंजी काट्यावर घेत हसून उत्तर दिलं. इन द पिंक.

शाझियेताईने माझं कोपर असं दाबलं की अजून वळ आहे. "बाई, हा तोच ना? दुखतंय पण सांगायचं नाही?" मी म्हटलं, तोच. "अगं माझे आई! पाव्हणा पहिल्याच दिवशी आजारी, आणि किती समजूतदार, आपल्याला त्रास नको म्हणून गप्प!" आणि तिने त्यांच्या तोंडाशी आलेला काटा काढून घेतला. (मंतीची बशीही नेली. अर्धी अक्रोडाची, अर्धी दह्याची होती, मी ती जाताना पाहिली, तेही पाहत होते.) पुढचं फार भरभर झालं. त्यांना दिवाणावर आडवं केलं, बूट काढले, पायांवर लोकरीची शाल टाकली, तळहातांवर लिंबाचं कोलोन ओतलं आणि आतून इहलामुरच्या फुलांचा गरम चहा आला. त्यांनी उठून बसत मोठ्याने सांगितलं की नाही हो, खरंच, आय अ‍ॅम इन द पिंक! आता मी दुभाषी, माझं काम इमानाने करणं. मी भाषांतर केलं, "ते म्हणताहेत, खरंच दुखतंय, पण सांगायचं नाही."

"दोनदा म्हणाला!" शाझियेताई किंचाळली. "म्हणजे आतवर गेलंय!"

"डॉक्टरला बोलवू," रिफ्की कप्तान म्हणाला, "का एकदम इमामांनाच?"

"जीभ झडो तुझी! जा, भाताची पेज टाक."

शेजारपाजारच्या बायका व्याही बघायला म्हणून आल्या होत्या, त्या दारातच चपला काढून एकेक करून दिवाणाशी गेल्या आणि "सरून जाऊ दे, सरून जाऊ दे" म्हणत त्यांच्या कपाळाला हात लावून बघू लागल्या. इतक्या अनोळखी बायकांनी कपाळाला हात लावल्यावर ते लालबुंद झाले. शाझियेताई म्हणाली, बघा, ताप. शेवटी बिचारे गप्प पडले, पेज प्यायले आणि तिथेच झोपी गेले. डोरीनबाई शेजारी बसून त्यांच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, त्या रागावल्या असतील.

सकाळी उठल्या उठल्या मी मोठा शब्दकोश काढला. आत्या, इन द पिंक म्हणजे प्रकृती उत्तम असणे. ठणठणीत असणे. मी दुसरा शब्दकोश काढला, त्यातही तेच. पहिला क्षण फार आनंदाचा होता हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. मी तुमच्या जिरेनियमला मोठ्याने म्हटलं, अगं, आत्या ठणठणीत आहेत! फोनवर ऐकल्यापासून मी त्याचा अर्थ तुमच्या सार्जंटचा लावत होते, आणि तो चूक निघाला होता. दुसऱ्या क्षणी मला क्लाइव्हसाहेब आठवले आणि मी पांढरीफटक पडले. एका ठणठणीत माणसाला त्याच्याच व्याह्यांच्या घरी मी उपाशी निजवलं होतं.

केस न विंचरता मी बेकरीत पळाले. शाझियेताई नोकुल लाटत होती आणि डोरीनबाई समोर बसून चहा पीत होत्या. मी श्वास रोखून इंग्रजीत सगळं कबूल केलं, सार्जंट, प्लास्टर, रिळं, सगळं. डोरीनबाई हसल्या, इतक्या हसल्या की चहा बशीत सांडला. मग एकदम थांबल्या. म्हणाल्या, फेब्रुवारीत क्लाइव्हची छाती उघडावी लागली होती. नळ्या लावलेल्या असतानाही नर्सला, मला, फोनवर मुलीला तो हेच सांगायचा, इन द पिंक. लग्नाचा विचका नको म्हणून मुलीला अजून सांगितलेलं नाही. काल पहिल्यांदा कोणी त्याचं ऐकलं नाही, म्हणून तो पडून राहिला. मी हे आपल्या भाषेत शाझियेताईला सांगितलं. तिने लाटणं खाली ठेवलं, डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं आणि लगेच म्हणाली, "बघ! आणि मला म्हणे सूप उगाच केलं." (मी तसं म्हटलं नव्हतं. आणि ती पेज होती.)

तर असा हा गोंधळ. मुलगा-सून आली, सगळं सुरळीत झालं, रिफ्की कप्तानने साहेबांना होडीतून फिरवलं आणि त्यांना उन्हात बसवून पोटभर मंती खाऊ घातली. शिवणाची खोली मी आठवड्यातून एकदा उघडते. अजून तिथे मशीनच्या तेलाचा आणि तुमच्या कोलोनचा वास येतो. काळजीचं काही कारण नाही. गोंजा वहिनींना नमस्कार, टोमॅटोंबद्दल आभार.

पुन्हा एकदा तुमच्या हातांचे मुके घेणारी,
तुमची आज्ञाधारक भाची,
फेराये

ता. क. पत्र पुन्हा वाचून पाहिलं. सुरुवातीला मी उत्तम आहे, झोप छान लागते आणि मला कसलीही काळजी नाही असं लिहिलं आहे. ते गुलाबी आहे. जेवण जातं हे खरं आहे, शाझियेताई रोज नोकुल पाठवते.

आणखी एक. "दुसरा काही हेतू नाही" हेही गुलाबी आहे. आत्या, तुम्ही फोनवर म्हणालात तो कुठला गुलाबी? पुस्तकातला, की सार्जंटचा? फोनवर सांगू नका, तुम्ही लगेच हसता आणि मग वहिनी भाज्यांवर येतात. पाकिटात तुमच्याच रिळाचा गुलाबी धागा घातला आहे. ठणठणीत असाल तर ठेवून घ्या. दुखत असेल आणि सांगायचं नसेल, तर सांगू नका, नुसता परत पाठवा. मी काहीही विचारणार नाही.

शेवटचं. पोस्टात चौकशी केली, पत्राला आठवडा लागेल म्हणाले. मर्सिनची बस मात्र उद्या सकाळी पोचते. तेव्हा पत्र मीच घेऊन येते आहे. तुम्ही ते वाचत असाल तेव्हा मी समोर बसलेली असेन आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघत असेन, म्हणून नीट वाचा. जिरेनियम आईकडे दिलं आहे. तुंजायदादा विचारेल, इतक्या लांब अशी अचानक कशी आलीस? तर मी पांढरा समुद्र बघायला आले असं सांगणार आहे. तो निळा आहे हे मला माहीत आहे.